बाळंतपण माहेरी, नवरा नोकरीच्या गावी: पहिल्यांदा बाप होणाऱ्यांनी काय करायचं

आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुतेक वेळा माहेरी होतं. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण आटोपलं की बायको माहेरी जाते आणि नवरा पुण्यात, मुंबईत, सुरतेत, जिथे नोकरी असेल तिथे राहतो. मग एक दिवस फोन येतो, तो पेढे घेऊन जातो, बारशाला पुन्हा जातो आणि दोन-तीन महिन्यांनी दोघांना घरी घेऊन येतो. या पद्धतीत बाईला आईच्या हाताखाली विश्रांती मिळते आणि ते फार मोलाचं आहे. पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. पहिले सहा महिने एका डॉक्टरांनी तपासलेलं असतं आणि शेवटचे तीन महिने दुसरे डॉक्टर तपासतात. एका गावाची माहिती दुसऱ्या गावी पोचवणारा कुणी लागतो. तो माणूस म्हणजे नवरा. तिच्या सगळ्या गरोदरपणाची माहिती तुमच्याकडे असली पाहिजे, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच निघतात.

पायरी १ : आधी स्वतःचं रक्त तपासा

दिवस गेल्याचं कळलं की तिच्या तपासण्या सुरू होतात. त्याच आठवड्यात तुमचीही तपासणी व्हावी. रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ ‘ब’ इतकं तरी करून घ्या. हे आजार नवऱ्याकडून बायकोला आणि तिच्याकडून बाळाला जाऊ शकतात, आणि वेळेत कळले तर बाळाला वाचवण्याचे खात्रीचे उपाय आहेत.

रक्तगटाचं कारण वेगळं. ती निगेटिव्ह आणि तुम्ही पॉझिटिव्ह असाल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. मग डॉक्टर तिच्या रक्ताची आणखी एक तपासणी करतात, २८व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचं (बाळाच्या रक्ताविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणूनचं) इंजेक्शन देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा एक. हे इंजेक्शन महाग असतं, सगळीकडे लगेच मिळत नाही. आयत्या वेळी धावाधाव नको म्हणून ते कुठे मिळेल हे आधीच विचारून ठेवा. गर्भपात झाला तरी त्या इंजेक्शनबद्दल विचारायला विसरू नका.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट या भागांत किंवा तिथून आलेल्या कुटुंबांत सिकलसेलची (रक्ताचा एक आनुवंशिक आजार) तपासणी दोघांचीही व्हायला हवी. दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून आजाराचा दोष अंगात बाळगत असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही असंच आहे. ती वाहक निघाली की डॉक्टर म्हणतात, ‘नवऱ्याची तपासणी आणा.’ तेव्हा ‘मला काय झालंय’ म्हणून टाळाटाळ करण्यात जे आठवडे जातात ते परत मिळत नाहीत.

पायरी २ : कार्ड वाचायला शिका

सरकारी दवाखान्यात, अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे नाव नोंदवलं की माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. खासगी दवाखान्यात जात असलात तरी ही नोंदणी करून घ्या. पुढे लसीकरणाला आणि योजनांना हेच कार्ड लागतं. नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत झाली तर उत्तम.

तपासणीहून आल्यावर कार्ड कपाटात टाकू नका. दोघांनी बसून पाच मिनिटं पाहा. चार आकडे बघायचे.

पहिला आकडा रक्तदाबाचा. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. ‘घाईत चालत आल्यामुळे वाढलं असेल’ हे आपण ठरवायचं नाही. थोडी विश्रांती घेऊन पुन्हा मोजतात आणि मग तेच सांगतात.

दुसरा हिमोग्लोबिनचा. ११च्या खाली आला की रक्त कमी आहे असं समजतात. ७च्या खाली गेला तर तो गंभीर रक्तक्षय, घरच्या बीट-डाळिंबावर भागत नाही. रुग्णालयातच उपचार घ्यावे लागतात. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडा रक्तस्रावही झेपत नाही, म्हणून हा आकडा आठव्या महिन्यापर्यंत वर आणायचा असतो.

तिसरा वजनाचा. चौथ्या महिन्यापासून साधारण दीड-दोन किलो महिन्याला वाढतं. अजिबात वाढलं नाही तर बाळाची वाढ बघावी लागते. एकाच महिन्यात तीन किलोंपेक्षा जास्त वाढलं तर अंगात पाणी धरतंय का, रक्तदाब वाढतोय का, हे तपासतात.

चौथा साखरेचा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. ही तपासणी सुरुवातीला एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करतात. पहिली चांगली आली म्हणून दुसरी चुकवणारे खूप असतात.

लघवीतलं प्रथिन, पोटाची वाढ, बाळाचे ठोके हेही कार्डावर असतं. त्यातलं कळलं नाही तर सिस्टरना विचारा. त्या सांगतात, आणि नवऱ्याने विचारलं याचं त्यांना बरंच वाटतं.

तपासणीला तुम्ही स्वतः किती वेळा जाऊ शकता? चार तपासण्या तर व्हायलाच हव्यात, त्याहून जास्त झाल्या तर चांगलंच. दोन वेळा तरी रजा टाका. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीला नक्की जा, कारण बाळाच्या अवयवांत काही दोष असेल तर तो तेव्हा दिसतो आणि पुढचा निर्णय दोघांनी मिळून घ्यावा लागतो. बाळाचं लिंग विचारू नका, खुणेनेही नाही. १९९४च्या कायद्याने तो गुन्हा आहे, विचारणाऱ्यालाही शिक्षा आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. हे अभियान २०१६पासून चालू आहे. खेडेगावात स्त्रीरोगतज्ज्ञ नसतील तिथे या तारखेचा फार उपयोग होतो.

पायरी ३ : गोळ्या, ताट आणि तंबाखू

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून दोन. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तर लोह अंगी लागत नाही, म्हणून मध्ये किमान दोन तास जाऊ द्यायचे. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. लिंबूपाणी चालेल, उलट चांगलं. गोळीने शौचाला काळी होते, कुणाला मळमळतं. ‘उष्ण पडते’ म्हणून घरात कुणीतरी गोळी बंद करायला सांगतं, तिथे तुम्ही बोलायचं. रिकाम्या पोटी त्रास होत असेल तर जेवणानंतर, रात्री घ्या, पण बंद नको.

पुष्कळ घरांत आजही बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते, उरलंसुरलं खाते. हे बदलणं तुमच्याच हातात आहे. तुमच्याबरोबर तिचं ताट वाढलं जाऊ द्या, रोज. डाळ, पालेभाजी, दूध, चालत असेल तर अंडं, आणि मधल्या वेळेला शेंगदाण्याचा लाडू किंवा फुटाणे. पाण्याचे हंडे, सिलिंडर, गच्चीवर वाळत घालायचे कपडे हे तुम्ही घ्या.

तंबाखू, विडी, सिगारेट घरात नको. धूर तिच्या आणि बाळाच्या अंगात जातो. ती मशेरी लावत असेल तर रागावू नका, पण तीही सुटायला हवी. दोघांनी एकाच दिवशी सोडायचं ठरवलं तर जास्त टिकतं.

पायरी ४ : ही लक्षणं पाठ करा

फोनमध्ये लिहून ठेवा, भिंतीवर चिकटवा, सासूबाईंना आणि मेहुण्यालाही पाठवा. यांतलं एकही दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही:

- अंगावरून रक्त जाणं, थोडं असलं तरी
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, नजर धूसर होणं
- चेहरा आणि हात सुजणं (फक्त पाय सुजणं बऱ्याच जणींना होतं)
- झटके येणं
- पाणी जाणं, विशेषतः हिरवट पाणी
- पोटात सतत दुखणं, ताप, धाप लागणं
- बाळाची हालचाल कमी होणं

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल ओळखीची होते. कमी वाटली तर तिने डाव्या कुशीवर शांत पडून मोजायचं. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर लगेच दवाखाना. ‘बाळ झोपलं असेल, गोड खा म्हणजे हलेल’ असं म्हणत रात्र काढू नका. तुम्ही लांब असाल तर रोज रात्री फोनवर ‘जेवलीस का?’च्या पुढे जाऊन ‘आज बाळ कसं हललं?’ हे विचारा. रोज विचारल्यामुळे तिलाही वेगळं काही वाटलं तर सांगण्याचा संकोच राहत नाही.

पायरी ५ : माहेरी जाण्याआधीचा महिना

सगळ्यात जास्त काम इथे आहे, आणि नेमकं हेच सुटतं. डोहाळेजेवणाच्या तयारीत झोपाळा, फुलांचे दागिने, ओटीचं सामान सगळं आठवतं आणि फाइल मागे राहते.

कार्डाचं प्रत्येक पान, सगळे रक्ताचे रिपोर्ट आणि सोनोग्राफी यांचे स्वच्छ फोटो काढा. एक प्रत तुमच्याकडे, एक तिच्याकडे, एक तिच्या घरी. मूळ कागद तिच्याबरोबर जाऊ द्या. इथल्या डॉक्टरांकडून एका पानावर आत्तापर्यंतचा सारांश लिहून घ्या: रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, चालू औषधं, काही जोखीम असेल तर ती. धनुर्वाताची दोन इंजेक्शनं कधी झाली, तेही. माहेरच्या गावच्या आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरना ती येण्याआधी कळवा आणि कार्डावरचा आरसीएच (माता-बाल आरोग्य नोंदणीचा) क्रमांक द्या, म्हणजे नवी नोंद होऊन जुनी माहिती हरवत नाही.

मग बाळंतपण कुठे करायचं ते ठरवा. दवाखाना जवळ आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत, एवढ्यावर ठरवू नका. स्वतः जाऊन विचारा: रात्री दोन वाजता सिझर करावं लागलं तर इथे होतं का? भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कुठून आणता? बाळाला श्वासाचा त्रास झाला तर कुठे पाठवता आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो? उत्तरं मोघम मिळाली तर दुसरी जागा बघा. रक्तदाब, साखर, जुळं, आधीचं सिझर यांपैकी काही असेल तर ज्या रुग्णालयात सिझर, रक्त आणि नवजात बाळांचा कक्ष हे तिन्ही आहे तिथेच नाव घाला.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि ये-जा हे सगळं मोफत मिळणं हा तिचा हक्क आहे. २०११पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तो दिलेला आहे. गाडीसाठी १०२, तातडीला १०८. तरीही गावातल्या एका गाडीवाल्याचा नंबर घ्या, त्याच्याशी बोलून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. दोन रक्तदातेही ठरवून ठेवा. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६,०००. अर्ज अंगणवाडीताई किंवा आशाताई भरून घेतात, फक्त तिचं आधार आणि बँक खातं जुळलेलं असावं.

सासूबाईंशी मोकळेपणाने बोला. ‘आई, प्रत्येक तपासणीनंतर कार्डाचा फोटो मला पाठवाल ना?’ एवढं वाक्य पुरतं. त्यांच्या करण्यावर तुम्ही लक्ष ठेवताय असं वाटू देऊ नका. तुम्हाला काळजी आहे आणि तुम्ही मदतीला आहात, हे कळलं की बहुतेक घरं आनंदाने सांगतात.

रजेचं पाचव्या महिन्यातच बघा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, बाळंतपणाच्या १५ दिवस आधीपासून ते सहा महिन्यांपर्यंत कधीही. खासगी नोकरीत तशी कायद्याने सक्ती नाही, म्हणून लेखी अर्ज लवकर द्या. सगळी रजा बाळंतपणाच्या आठवड्यात संपवू नका. आई-बाळ घरी आल्यावरचे दिवस जास्त अवघड असतात.

पायरी ६ : कळा सुरू झाल्या

खोट्या कळा येतात, जातात, चाललं की थांबतात. खऱ्या कळा नियमित येतात, वाढत जातात. फोनवर वेळ लिहा: एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, प्रत्येकी मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं. दवाखाना लांब असेल, जोखीम असेल किंवा आधी सिझर झालेलं असेल तर पहिल्याच कळांना निघा. पाणी गेलं, रक्त गेलं, हालचाल कमी झाली तर कळा नसल्या तरी निघा. कळा वाढाव्यात म्हणून घरी कुणाकडून इंजेक्शन घेऊ नका. त्याने गर्भाशय फाटू शकतं.

तुम्ही दोनशे किलोमीटरवर असाल तर गाडी हाकत सुटू नका. पहिल्या बाळंतपणाला बरेच तास लागतात. आधी फोनवरून गाडी आणि दवाखाना लावून द्या, सारांशाचं पान तिथल्या डॉक्टरांना पाठवा आणि मग निघा.

पायरी ७ : लेबर रूममध्ये

ओळखीचं माणूस सतत जवळ असलं की नैसर्गिक बाळंतपणाची शक्यता वाढते आणि कळांचा काळ काहीसा कमी होतो, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसलंय. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला २०१६मध्ये केंद्राने परवानगी दिली. जिथे पडदे लावून खासगीपणा राखलेला असतो तिथे नवऱ्यालाही राहता येतं. नववा महिना लागण्याआधीच विचारून ठेवा. आत सोडत नसतील तर तिची आई किंवा बहीण आत असू द्या. आणि तिला तुम्ही आत नको असाल तर तेही मान्य करा.

आत असाल तर काम सोपं आहे. कळ आली की तळहाताची टाच तिच्या कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, घट्ट दाबून धरा. कळ ओसरली की हात सैल. दोन कळांमध्ये पाण्याचा घोट, चेहऱ्याला ओला रुमाल. दर दोन तासांनी लघवीला घेऊन जा. तिला चालता येत असेल तर चालू द्या. ‘जोर कर, जोर कर’ असं आपण ओरडायचं नाही; कधी जोर लावायचा हे सिस्टर सांगतील. फोन खिशात. कुणी तिच्यावर ओरडलं किंवा हात उगारला तर शांतपणे पण ठाम थांबवा.

डॉक्टर सिझर म्हणाले तर तीन गोष्टी विचारा: कारण काय, किती घाई आहे, थांबलो तर काय होऊ शकतं. बाळाचे ठोके मंदावत असतील तर लगेच सही करा. चार वडीलधाऱ्यांना फोन लावण्यात वेळ घालवू नका. आणि मुहूर्त बघून ३९ आठवड्यांच्या आधी सिझर मागू नका. अशा बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो.

पायरी ८ : पहिला तास

बाळ आईच्या उघड्या छातीवर, आणि तासाच्या आत अंगावर पाजणं. पहिलं घट्ट पिवळसर चीक दूध बाळाला मिळालंच पाहिजे. मध, गूळपाणी, साखरपाणी, घुटी काहीही नाही. सहा महिने पाणीसुद्धा नाही. मधामुळे तान्ह्या बाळाला जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. आत्याबाई चांदीच्या चमच्यात मध घेऊन आल्या तर त्यांच्याशी बोलायचं काम तुमचं. ती टेबलावर थकून पडलेली असते, तिला ते भांडण देऊ नका.

बाळाला लगेच आंघोळ नको, निदान २४ तास. बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओचा पहिला डोस आणि कावीळ ‘ब’ची लस दिल्याची नोंद कार्डावर बघून घ्या. कावीळ ‘ब’ची २४ तासांच्या आत द्यायची असते.

सिझर झालं असेल, किंवा बाळ अडीच किलोंच्या खाली असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर बाळाला तुमच्या छातीवर घ्या. हात धुवा, शर्टाची बटणं काढा, मागे टेकून बसा. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. ते उभं, बेडकासारखे पाय दुमडून, तुमच्या छातीच्या मध्ये ठेवा, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून शर्ट आणि ओढणीने बांधून घ्या. यालाच कांगारू मदर केअर म्हणतात, आणि बापाच्या छातीची ऊब त्यासाठी अगदी चालते. कमी वजनाच्या बाळाला हे रोज कित्येक तास हवं असतं, एकटी आई ते कुठवर करणार?

तिच्याकडेही बघा. पहिल्या २४ तासांत रक्तस्रावाचा धोका सर्वांत जास्त. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, तिला गरगरलं तर सिस्टरना हाक मारा. घरी न्यायची घाई करू नका.

पायरी ९ : घरी, सव्वा महिना

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. बालमृत्यू इतके कमी झाले की १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला, आणि पुढे देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. त्या येतील तेव्हा घरी असाल तर समोर बसा. बाळाचं वजन, ताप, श्वास कसा मोजतात ते बघून घ्या.

बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलंय किंवा तापलंय, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, झटके, बेंबीला पू, पहिल्याच दिवशी कावीळ किंवा तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा: यांतलं काहीही दिसलं की दवाखाना. पाचव्या दिवसानंतर दिवसातून सहा वेळा लघवी होत असेल तर दूध पुरतंय. पहिल्या आठवड्यात वजन थोडं घटतं, त्याला घाबरून वरचं दूध सुरू करू नका.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून शेक-धुरी देऊ नका. त्या धुराने आणि वायूने दोघांच्याही जिवाला धोका होतो. डिंकाचे, आळिवाचे लाडू चांगलेच, पण भाजी-फळं आणि भरपूर पाणीही हवं. तिला पाणी कमी द्यायची रीत असेल तर मोडा. रात्री पाजून झालं की बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं तुम्ही करा. तेवढी तासाभराची सलग झोप तिला मिळते.

बाळंतपणानंतर काही दिवस उगाच रडू येतं, ते ओसरतं. दोन आठवडे उलटूनही ती उदास असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, झोप उडाली असेल, ‘मी नकोच’ असं काही बोलली, तर ‘दृष्ट लागली’ म्हणून सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि डॉक्टरांनाही दाखवा. बापालाही हे होतं. तुम्हालाही तो नंबर लागू आहे.

पायरी १० : ४२वा दिवस

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, तेव्हा ती मोफत होते. नाव ठरलं नसलं तरी नोंद करा, नाव नंतर घालता येतं. दीड महिन्याची लस, तिचा रक्तदाब, टाके आणि हिमोग्लोबिन हे एकाच फेरीत होतं. त्या फेरीला जाताना कुटुंबनियोजनाचंही विचारा. दोन बाळंतपणांत किमान तीन वर्षं अंतर असावं. पाळी आली नाही म्हणून दिवस जाणार नाहीत, असं नसतं. तांबी बसवायची, निरोध वापरायचा की आणखी काही, हे डॉक्टरांसमोर दोघांनी बसून ठरवा. कुटुंब पूर्ण झालं असेल तर पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, थोड्या मिनिटांत होते आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. फक्त त्यानंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून घ्यायचं.